क्रिओल भाषांची व्याकरणं एकसारखी का? आणि आमच्या बागेतलं हिंदी कुठं बसतं?

दिंडोरीचा_द्राक्षवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न आडवळणाचा आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचा.

शिक्षण संपल्यावर दीड वर्ष मॉरिशसला नोकरी केली. ऑफिसात इंग्रजी आणि फ्रेंच, पण पोर्ट लुईच्या बाजारात, ढोलपुरीच्या गाडीवर, बसमध्ये आणि माझ्या घरमालकीणबाईंच्या ओट्यावर चालायचं ते क्रिओल. फ्रेंचचा गंध नसताना तीन महिन्यांत बाजारहाट करण्याइतकं क्रिओल बोलायला लागलो. श्रेय माझ्या डोक्याचं नाही, भाषेचं. 'मांझे' म्हणजे खाणे. मी, तू, तो, त्या, कुणासाठीही हा शब्द हलत नाही. काळ दाखवायचा तर त्याच्या आधी एखादा चिमुकला शब्द ठेवायचा:

मो ती मांझे – मी खाल्लं
मो पे मांझे – मी खातोय
मो ती पे मांझे – मी खात होतो
मो पू मांझे – मी खाणार
मो पा मांझे – मी खात नाही

(पुढं कर्म आलं की 'मांझे'चं शेपूट गळून 'मांझ' होतं. मालकीणबाईंनी हे माझ्याकडून घोटून घेतलं होतं.)

परवा रात्री पॅकहाउसवर कंटेनरची वाट बघत बसलो होतो. मोबाइलवर हैतीच्या एका बाईंचा स्वयंपाकाचा व्हिडिओ लागला. त्या 'म्वें ताप मांझे' म्हणाल्या आणि मला चक्क कळलं: मी खात होते. 'ते' आणि 'आप' जोडून 'ताप'. बरं, दोन्हींचे शब्द फ्रेंचमधून आलेले, म्हणून आश्चर्य अर्धंच. पण खणत गेलो तर सुरिनामची स्रानान सापडली. तिचे शब्द बरेचसे इंग्रजीतले. तिथं 'मी खात होतो' म्हणजे 'मी बेन ए न्यान'. पुन्हा तोच क्रम! कर्ता, भूतकाळाचा शब्द, चालू क्रियेचा शब्द आणि शेवटी ढिम्म न हलणारं क्रियापद. एक भाषा हिंदी महासागरात, एक कॅरिबियनमध्ये, एक दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर. कुणी कुणाचं बघून लिहिलं?

दुसरा प्रश्न घरचा. सध्या बागेत काढणी चालू आहे. पेठ-सुरगाण्याची माणसं, बिहारची चार कुटुंबं, यूपीचा ड्रायव्हर आणि आमचे अण्णा, ज्यांना मराठीशिवाय काही येत नाही असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. सगळे मिळून जे हिंदी बोलतात ते असं: "अण्णा बोला तो तोडनेका, नही बोला तो तोडनेका नही." हे क्रिओल तयार होतंय का?

चहाटळ

'मी बेन ए न्यान' मधला 'मी' शुद्ध मराठी आहे. सुरिनाम आपलंच होतं हे सिद्ध झालं. धागा बंद करा.

उषा_नाशिकरोड

रोचक. वाचतेय. पण आधी कुणीतरी क्रिओल म्हणजे काय ते सोपं करून सांगा.

गोदाकाठचा_मास्तर

उषाताई, प्रयत्न करतो. निवृत्त माणसाला वेळच वेळ.

एकमेकांची भाषा न येणारी माणसं एकत्र आणली गेली, बहुतेक वेळा बळजबरीनं, म्हणजे उसाच्या मळ्यावर, गुलामांच्या वसाहतीत, बंदरात, तर ती कामापुरती एक तोडकीमोडकी बोली उभी करतात. ती पिजिन. ती कुणाचीच आई-भाषा नसते. पुढं पोरं त्यातच वाढली आणि तीच त्यांची पहिली भाषा झाली की तिला क्रिओल म्हणायचं. म्हणजे वळचणीच्या पत्र्याच्या शेडवर मजले चढून वाडा होणं. ही पाठ्यपुस्तकी व्याख्या झाली. प्रत्येक क्रिओलच्या आधी नीट घडलेलं पिजिन असतंच असं नाही, यावर भांडणं आहेत.

आता धागाकर्त्याचा मूळ प्रश्न. १९ व्या शतकात ऑस्ट्रियात ग्राट्झला शुखार्ट नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी जगभरच्या पाद्री, अधिकारी वगैरे मंडळींना पत्रं पाठवून या बोलींचे नमुने मागवले. इतरांना तेव्हा ही बिघडलेली युरोपी भाषा वाटायची. आपल्याकडचे गोव्याचे मोन्सिन्योर दालगादो यांनीही भारतातल्या पोर्तुगीज बोलींवर मोलाचं काम केलं, मुंबईकडच्या बोलीवरचं त्यांचं लेखन १९०६ चं.

पण 'सारख्या का' या प्रश्नाला खरी फोडणी दिली भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकरटन यांनी, १९८१ मध्ये. हवाईत उसाच्या मळ्यांवर जपानी, फिलिपिनो, चिनी, कोरियन, पोर्तुगीज असे मजूर होते. म्हाताऱ्या मजुरांचं बोलणं विस्कळीत, प्रत्येकाचं वेगळं. तिथंच जन्मलेल्यांचं मात्र एकसारखं आणि नियमात. बिकरटन म्हणाले, आईबापांकडून नीट व्याकरण मिळालंच नाही, मग पोरांनी ते आणलं कुठून? तर डोक्यातून. माणसाच्या पोराच्या मेंदूत व्याकरणाचा एक मूळ आराखडा असतो, आणि क्रिओलमध्ये तो उघडा दिसतो. म्हणून क्रम सगळीकडे एकच: आधी काळ, मग 'होईल-व्हावं' हा भाव, मग क्रिया चालू आहे की नाही ते, मग क्रियापद.

अवांतर: वेगवेगळ्या भाषांची कुटुंबं एका बेटावर ठेवून पोरं काय बोलतात ते बघायचं, असा प्रयोगही त्यांनी सुचवला होता. तो झाला नाही.

चहाटळ

बेट कशाला? आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये या. तळमजला गुजराती, पहिला मारवाडी, दुसरा आम्ही, तिसऱ्यावर केरळी नर्स. पाण्याच्या टाकीवरून भांडताना सगळ्यांचं व्याकरण एकच होतं.

सातपूरची_सुमन

मास्तर, छान लिहिलंत. पण आमच्या कारखान्यात मी अकरा वर्षं आहे, तिथला अनुभव वेगळा आहे.

आमच्या लाइनवर ओडिशाची मुलं आहेत, बिहारची आहेत, दोन नांदेडची, आणि मी निफाडची. बोलणं असं चालतं: "वो जॉब चढाया क्या?" "चढाया नही, गेज मिला नही." "मेरेको बोलने का ना पहले." स्त्रीलिंग-पुल्लिंग गायब. मीसुद्धा 'मैं आया' म्हणते आणि कुणाला खटकत नाही. म्हणजे साधं झालंय हे खरं. पण एक गंमत बघा, 'नही' कुठं आहे? शेवटी. 'चढाया नही', 'जाने का नही'. हे मराठीचं 'चढवलं नाही', 'जायचं नाही'. धागाकर्त्याच्या मॉरिशसमध्ये तर नकार आधी येतो: मो पा मांझे. मग आमच्या पोरांच्या मेंदूतला आराखडा कुठं गेला? आम्ही सरळ शेजारणीचं व्याकरण उचललं की हो.

तर्कटराव

सुमनताई, दंडवत. तुम्ही एका ओळीत जे पकडलंत त्यावर लोकांनी ग्रंथ लिहिलेत.

बिकरटनची गोष्ट ऐकायला गोड, पण तिला छिद्रं आहेत. एक, सारा रॉबर्ट्स या संशोधिकेनं हवाईचे जुने कागद धुंडाळले तेव्हा दिसलं की तिथं जन्मलेली पहिली पिढी घरी आईबापांची भाषा व्यवस्थित बोलत होती. म्हणजे पोरं व्याकरणाशिवाय उघड्यावर पडली नव्हती. दोन, आपण ज्या क्रिओलांची उदाहरणं देतो त्यातल्या बऱ्याच अटलांटिकच्या काठच्या. तिथले गुलाम मोठ्या संख्येनं पश्चिम आफ्रिकेतून नेलेले. मग सारखेपणा तिथूनच आला असेल तर?

स्रानानमध्ये 'त्यानं चाकूनं पाव कापला' कसं म्हणतात? 'आ तेकी आ नेफी कोती आ ब्रेदे'. तो घे तो चाकू काप तो पाव. दोन क्रियापदं खांद्याला खांदा लावून, मध्ये 'आणि' नाही, 'घेऊन' नाही. अशी रचना पश्चिम आफ्रिकेच्या भाषांमध्ये सर्रास आहे. मॉरिशसकडे ती सहसा भेटत नाही, कारण तिथले गुलाम मुख्यतः मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतले. मेंदूतला आराखडा एकच असता तर बेट बघून बदलला असता का?

जमैकाचं अजून एक. 'मला माहीत आहे की तो आला' हे ते म्हणतात 'मी नुओ से इम कम'. त्यातला 'से' हा 'की'चं काम करतो. इंग्रजी 'से'सारखा दिसतो, पण घानाकडच्या आकान भाषेतही नेमका 'से'च आहे आणि तिथंही तो हेच काम करतो.

उषा_नाशिकरोड

अय्या, म्हणजे आपलं 'म्हणून'! "येतो म्हणून सांगितलं आणि आला नाही." म्हणणे या क्रियापदाचाच जोडशब्द केलाय आपण.

तर्कटराव

बरोब्बर. आणि हीच सवय तेलुगू-कन्नडमध्येही आहे. म्हणजे हा काही क्रिओलांचा मक्ता नव्हे.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

मजा येतेय. तर्कटराव, आफ्रिकेचं पटलं, पण सगळंच त्यात बसत नाही. 'आहे' आणि 'जवळ आहे' याला एकच शब्द, हे मला सगळीकडे दिसतंय. मॉरिशसला 'मो एना एन फ्रेर' म्हणजे मला एक भाऊ आहे, आणि 'एना दिमून' म्हणजे माणसं आहेत. हैतीत 'गें' दोन्हींना. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये 'गात' दोन्हींना, कुरासावच्या पापियामेंतूत 'तिन' दोन्हींना. पापुआचा आणि पश्चिम आफ्रिकेचा काय संबंध?

आणि 'झालं, संपलं' हेही. मॉरिशसचा 'फिन', हैतीचा 'फिन', टोक पिसिनचा 'पिनिस'. सगळे 'संपवणे'मधून निघाले आणि क्रिया पूर्ण झाल्याची खूण बनले. 'मी काइकाइ पिनिस', माझं खाऊन झालं.

चहाटळ

पुन्हा 'मी'. मी काही बोलत नाही.

गोदाकाठचा_मास्तर

'संपवणे'चं उदाहरण चांगलं, पण ते क्रिओलच्या बाजूनं जात नाही. मराठीत 'तो जेवून चुकला' म्हणतोच की आपण. चुकणे म्हणजे चूक करणे हा अर्थ तिथं उरलाय का? आणि टोक पिसिनमध्ये चालू क्रियेसाठी 'स्ताप' लावतात, म्हणजे थांबणे, राहणे: 'एम इ काइकाइ इ स्ताप'. हिंदीचं 'खा रहा है' काय वेगळं आहे? 'राहणे'तून चालू काळ, 'जाणे'तून भविष्य, 'संपणे'तून पूर्ण क्रिया, या सगळ्या भाषांच्या मळलेल्या पायवाटा आहेत. हजार वर्षांत चालायची वाट क्रिओल पन्नास-शंभर वर्षांत चालते, म्हणून डोळ्यांत भरते.

आपल्याकडे गंमत उलटी. ते 'जवळ असणे' घेऊन 'आहे' सांगतात, आपण 'आहे' घेऊन 'जवळ असणे' सांगतो. 'मला भाऊ आहे.' मराठीत इंग्रजीसारखं 'हॅव' नाहीच.

फौजी_देवळाली

जय हिंद. भाषातज्ज्ञ नाही, पण दिमापूरला पोस्टिंग होती. तिथं बाजारात नागामीज चालते. आओ, अंगामी, सुमी, प्रत्येक जमातीची भाषा दुसरीला कळत नाही, म्हणून असमियाच्या शब्दांवर ही बोली उभी राहिली. आम्हाला दोन महिन्यांत आली. 'मोई भात खाई आसे', मी भात खातोय. बघा, 'आसे' मागे लागलाय, पुढे नाही. माणसं म्हणायचं तर 'मानुखान'. अनेकवचनही प्रत्ययानं. मग मास्तरांचा तो 'चिमुकला शब्द आधी' वाला नियम?

अवांतर: इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचा. गोरे सोल्जर इथल्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून वेडे व्हायचे म्हणून.

चहाटळ

हल्ली द्वारका सर्कलवर सिग्नलची वाट बघून होतात.

चौलची_लेक

मला राहवेना म्हणून लॉगिन केलं. माहेर चौल, सासर गंगापूर रोड. नागालँडपर्यंत कशाला जाता? रायगड जिल्ह्यात कोर्लई आहे ना.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडं कोर्लई. किल्ला, दीपगृह आणि पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. माझ्या वर्गात तिथली एक मुलगी होती. आमच्याशी बोलायची ते अस्सल आगरी ठेक्याचं मराठी. पण एकदा तिच्या घरी गेले तर ती आईशी भलतंच काही बोलायला लागली. मी म्हटलं हे काय? ती म्हणाली, नो लिंग. म्हणजे 'आपली भाषा'. नावच ते. पोर्तुगीज शब्दांची क्रिओल आहे ती, बोलणारी माणसं आता हजाराच्या आतबाहेर असतील. मला तेव्हा मजा याची वाटली की शब्द एकही ओळखीचा नाही, पण बोलण्याची चाल आमचीच. क्रियापद शेवटी येतंय हे न कळणाऱ्या भाषेतसुद्धा कानाला कळतं. ती आईला काहीतरी सांगताना वाक्य जिथं टेकवायची, तिथंच मी पण टेकवलं असतं.

पुढं कळलं की क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, आणि ही वस्ती मराठीच्या समुद्रात एकटी राहिली. हळूहळू वाक्याचा क्रम मराठीसारखा झाला. मराठीतून उचललेल्या क्रियापदांचा तर वेगळा गटच आहे तिच्यात, त्यांना शेवटी 'उ' लागतो. दमणची पोर्तुगीज क्रिओल तिची बहीण, पण ती इतकी मराठी झाली नाही, कारण दमणला पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते.

म्हणून मला वाटतं, सुमनताईंचं बरोबर आहे. क्रिओल शेजारणीसारखी होते. सगळ्या क्रिओलांची एक सही असती, तर कोर्लईनं ती पुसली कशी?

तर्कटराव

अप्रतिम प्रतिसाद. २०१३ साली जगातल्या ७६ पिजिन-क्रिओल आणि मिश्र भाषांचा एक मोठा अॅटलास आला, १३० व्याकरणी मुद्द्यांवर. त्यात तुमची कोर्लईही आहे. त्यात बघितलं की हेच दिसतं: 'सगळ्या क्रिओल' असं म्हणून जे सांगावं, त्याला आशियातल्या क्रिओल हात दाखवून उभ्या राहतात.

तरी मॅकव्हॉर्टर यांच्यासारखे लोक म्हणतात, क्रिओल ही वेगळी जातच आहे: विभक्ती-लिंगाची शेपटं जवळजवळ नाहीत, सुरांनी अर्थ बदलणं नाही. त्यांच्या मते या जगातल्या सर्वांत सोप्या व्याकरणाच्या भाषा. त्याला हैतीचे मिशेल डीग्राफ कडाडून विरोध करतात. ते म्हणतात, हा वसाहतकाळचाच जुना कल आहे, काळ्या माणसाची भाषा म्हणून तिला वेगळ्या कपाटात ठेवायचं. फ्रेंच लॅटिनमधून आली तेव्हा तिचीही विभक्तीची शेपटं गळलीच की, तिला कुणी क्रिओल म्हटलं का? हैतीत १९८७ च्या घटनेनं क्रिओलला फ्रेंचबरोबर राजभाषा केलं, पण शाळेत पोरं फ्रेंचमध्येच अडखळत राहिली. म्हणून डीग्राफ गणित-विज्ञान क्रिओलमधून शिकवायच्या मागे लागले.

काडीटाक्या

आता एक काडी टाकतो आणि पॉपकॉर्न घेऊन बसतो. १९७१ मध्ये फ्रँकलिन साउथवर्थ यांनी लेख लिहिला की खुद्द मराठीच्या जन्मात पिजिन-क्रिओलचा टप्पा असावा. महाराष्ट्रात द्रविडी भाषा बोलणारे आणि आर्य भाषा बोलणारे एकत्र आले, त्यातून ही उभी राहिली. पुरावे: आपण आणि आम्ही हा भेद, 'नको', 'म्हणून'. घ्या.

अभिजात_मराठी

काहीही! अभिजात भाषेचा दर्जा मिळालेल्या भाषेला मजुरांची बोली म्हणताय? ज्ञानेश्वरांची भाषा ही?

सातपूरची_सुमन

मजुरांची बोली म्हटल्यावर कमीपणा कसला वाटला हो?

अभिजात_मराठी

ताई, तुमच्यावर नव्हतं. गैरसमज नको.

गोदाकाठचा_मास्तर

शांत व्हा. साउथवर्थ विद्वान माणूस, आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. संपर्क झाला हे कुणीच नाकारत नाही. 'आपण जेवू' म्हटलं की समोरचा पंगतीत आणि 'आम्ही जेवू' म्हटलं की तो बाहेर, हा भेद तमिळ-तेलुगूत आहे, हिंदीत नाही. (टोक पिसिनमध्येही आहे, बरं का. 'युमी' म्हणजे आपण, 'मिपेला' म्हणजे आम्ही. पण तो तिथल्या स्थानिक भाषांतून आला.)

पण क्रिओल म्हणायला माझी हरकत एकच, आणि ती सामान्यरूप. घोडा, घोड्याला. मूल, मुलाचा. विहीर, विहिरीत. पुण्याचा मुलगा असो की परदेशी विद्यार्थी, इथं घाम फुटतो. हिंदीनं नपुंसकलिंग सोडून दिलं, आपण तिन्ही लिंगं सांभाळली, तीही कुठल्याही नियमाशिवाय. 'खुर्ची' ती आणि 'टेबल' ते का, सांगा बरं. जी भाषा क्रिओल होऊन गेली तिनं हे लटांबर कशाला वाहिलं असतं?

साउथवर्थ यांचा लेख ज्या पुस्तकात आला, त्याच पुस्तकात गम्पर्झ आणि विल्सन यांचा कुपवाडवरचा लेख आहे, आपल्या सांगलीजवळचं कुपवाड. तिथं कन्नड, मराठी, उर्दू शेकडो वर्षं एकाच गल्लीत नांदल्या. शब्द आपापले राहिले, पण व्याकरणं इतकी जवळ आली की वाक्याचं शब्दाला शब्द भाषांतर होतं. तिथल्या मराठीत लिंगही कन्नडसारखं, माणसं सोडली की बाकी सगळं नपुंसक. कुणाला गुलाम करून नेलं नव्हतं, मळा नव्हता. फक्त शेजार.

बागलाणना_भाऊ

मास्तर, राम राम. लिंग आणि प्रत्यय गेले की भाषा 'मोडकी' म्हणतात, म्हणून विचारतो. आमची अहिराणी: मी करस, तू करस, तो करस. एकच रूप तिघांना. पुस्तकी मराठीत करतो, करतोस, करतो. मग आमची अहिराणी पण क्रिओल का? सटाण्याच्या बाजारात कुणी असं म्हटलं ना, तर कांद्याची गोणी डोक्यात घालतीन लोक.

तर्कटराव

भाऊ, निर्धास्त रहा. एका जागी रूपं एकसारखी झाली म्हणून क्रिओल होत नाही, नाहीतर इंग्रजी पहिली जाईल. अहिराणीची बाकी सगळी गुंतागुंत शाबूत आहे, आणि ती कुठल्या मळ्यावर घाईत जुळवलेली भाषा नाही.

बागलाणना_भाऊ

मग ठीक शे.

उषा_नाशिकरोड

सगळं वाचलं. पण धागाकर्त्याच्या बागेचं काय झालं? ते मजुरांचं हिंदी क्रिओल होणार की नाही?

दिंडोरीचा_द्राक्षवाला

चार दिवस हार्वेस्टिंगमध्ये अडकलो होतो, माफी. उषाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा एका सहा वर्षांच्या मुलीनं दिलं.

दरभंग्याकडच्या एका कुटुंबाची मुलगी आहे. आई पॅकहाउसवर कात्रीनं खराब मणी काढायचं काम करते. काल एक क्रेट कलंडली. मी तिच्या आईला आमच्या बागेच्या हिंदीत विचारलं, "वो घड टूटी क्या?" तर ही पोरगी क्रेटच्या मागून ओरडली, "काका, टूटी नाही, तुटला! तो घड!" अण्णा खुर्चीवरून पडायचे राहिले.

मग मी दोन दिवस नुसते कान लावून बसलो. आईशी मैथिली. पेठच्या पोरींबरोबर खेळताना त्यांच्या कोकणा आदिवासी बोलीच्या वळणाचं मराठी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंचं मराठी माझ्याशी. आणि ते 'तोडनेका नही' हिंदी फक्त ड्रायव्हरकाकांशी. म्हणजे जिला क्रिओल तयार करायचं होतं तिला ते करायची गरजच नाही. तीन भाषा अख्ख्या तिच्या पुढ्यात आहेत, लिंगवचनासकट. मळ्यावरच्या पोरांना फ्रेंच शाळेत जायला कोण देत होतं? मालकाची भाषा लांबून ऐकायची, शब्द उचलायचे, व्याकरण हाती लागायचं नाही. सुमनताई, तुमच्या लाइनवरही तेच. ते हिंदी कामापुरतं आहे, घरी कुणी नेत नाही.

सातपूरची_सुमन

अगदी. शिफ्ट सुटली की ते गेटवरच राहतं.

गोदाकाठचा_मास्तर

माझा बिकरटनकडचा ओढा थोडा ढिला झाला म्हणायचा. पण सोडत नाही हं पूर्ण. त्या तीन 'खात होतो'चं मला अजून कोडंच आहे.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

मास्तर, मग हे अजून एक घ्या. मी त्या पोरीला बदल्यात मॉरिशसचे शब्द शिकवायला घेतलेत. काल सांगितलं, 'दिलो' म्हणजे पाणी, 'लाकाझ' म्हणजे घर. ती विचार करत बसली आणि म्हणाली, "काका, तो लाकाझ, ती लाकाझ का ते लाकाझ?"

त्या भाषेत लिंगच नाही. आणि तरी त्या शब्दाच्या सुरुवातीला जो 'ला' चिकटलाय, तो फ्रेंचमधला स्त्रीलिंगी 'ला'च आहे, शब्दानं गिळून टाकलेला. मी म्हटलं, उद्या सांगतो. आता तुम्हीच सांगा काय सांगू.